आधीचे नऊ गुन्हे आणि शिक्षा फक्त तीन वर्षं?

(वाचकांचे कायदेशीर प्रश्न)

या वेळी पाच पत्रं घेतलीयत. पाचही जणांची अडचण वेगळी आहे पण फिरून सगळे एकाच ठिकाणी येतात, की माणसाच्या नावावर आधी जे काही ‘दाखल’ आहे त्याचं शिक्षेच्या वेळी काय करायचं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण तसली पत्रं मला दर दोन महिन्यांनी येतात.

प्रश्न : मॅडम नमस्कार. २०२१ मध्ये भरदुपारी आमच्या घरातून आईचे दागिने चोरीला गेले. चोर सापडला, अर्धे दागिने परत मिळाले, केस चालली, मी स्वतः पिंजऱ्यात उभा राहून साक्ष दिली. कलम ३८० ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे असं पोलिसांनीच सांगितलेलं आणि कोर्टाने दिली तीन वर्षं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, ‘आरोपीवर यापूर्वी नऊ गुन्हे दाखल’. मला राग कशाचा आला सांगतो, तपास अधिकारी साक्षीत ‘हा रेकॉर्डवरचा आहे’ असं बोलायला लागले तर आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली आणि जजसाहेबांनी ते वाक्य लिहूनच घेतलं नाही. नऊ गुन्हे केलेल्या माणसाबद्दल कोर्टाला काही कळूच द्यायचं नाही का? आणि आता शिक्षा वाढवून मिळेल का?

उत्तर : दादा, तुमचा राग समजतो. मी आधी आरोपींच्या बाजूने आणि मग काही वर्षं सरकारी बाजूने काम केलंय, त्यामुळे तुमच्यासारखे फिर्यादी कोर्टाच्या व्हरांड्यात हाच प्रश्न विचारताना खूपदा पाहिलेत.

आधी ते न लिहिलेलं वाक्य. केस चालू असताना कोर्टापुढे प्रश्न एकच असतो, त्या दुपारी तुमच्या घरातून दागिने याच माणसाने नेले का. तो आधी कसा वागला यावरून याचं उत्तर निघत नाही. पुरावा कायद्याचं जुनं कलम ५४ तेच सांगायचं, आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते ४९ झालंय, की फौजदारी खटल्यात आरोपीचं आधीचं वाईट चारित्र्य गैरलागू. एक अपवाद आहे, आरोपीनेच ‘मी किती सज्जन’ असा पुरावा आणला तर मग सरकारी पक्षाला उत्तर म्हणून जुनं सगळं काढता येतं, म्हणून जाणता वकील त्या वाटेला जातच नाही. आणि नियम एवढ्यावर थांबत नाही. ज्याला आधी खरोखर शिक्षा झालीय त्याची ती जुनी शिक्षासुद्धा, तो या केसमध्ये दोषी ठरेपर्यंत वाचून दाखवायची नाही, त्याचा उल्लेखही सरकारी वकिलाने करायचा नाही असं फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट लिहिलंय. आधी दोषी की निर्दोष ते ठरणार, मग जुनी शिक्षा आरोपीला विचारणार, त्याने नाकारली तर तिचा पुरावा घेणार. तुमच्या जजसाहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं असतं ना, तर अपिलात आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळाला असता. तुमचाच निकाल त्यांनी वाचवला.

आता ते नऊ गुन्हे. मी तुम्हाला फोनवर सांगितल्याप्रमाणे तुम्ही यादी मिळवलीत हे फार बरं केलंत, नाहीतर आपण दोघं अंधारातच बोलत राहिलो असतो. नऊपैकी चार केसमध्ये तो निर्दोष सुटलाय. तीन अजून चालू आहेत. एक मारामारीची होती ती तडजोडीने मिटली. आणि एका केसमध्ये, मोटारसायकल चोरीच्या, २०१७ साली त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे पेपरातले ‘नऊ’ कायद्याच्या हिशोबात एक. बातमी खोटी नाही, नऊ एफआयआर खरंच आहेत, पण एफआयआर म्हणजे कुणीतरी तक्रार केली आणि पोलिसांनी नोंदवली, त्यापुढे तपास, चार्जशीट, आरोप निश्चिती, साक्षी, निकाल एवढा सगळा रस्ता बाकी असतो. चार वेळा तो त्या रस्त्याच्या शेवटी निर्दोष ठरला. कदाचित साक्षीदार फिरले असतील, तुमचा संशय मला नाकारता येत नाही, पण कोर्टाने संशय मोजायला सुरुवात केली तर उद्या कुणावरही चार खोट्या तक्रारी करून त्याची शिक्षा वाढवता येईल.

पण दादा, ती एक शिक्षा मात्र मोजली जायला हवी होती, आणि खरी चूक तिथे झालीय असं माझं मत आहे. जुन्या दंड संहितेत कलम ७५ होतं (नव्या न्याय संहितेत १३). ज्याला मालमत्तेच्या एखाद्या गुन्ह्यात, म्हणजे तीन वर्षं किंवा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात, आधी दोषी ठरवलंय आणि तो पुन्हा तसाच गुन्हा करतो, त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा देता येते. इथे प्रत्यक्ष शिक्षा किती मिळाली हे बघत नाहीत, गुन्ह्याला किती मिळू शकत होती ते बघतात, आणि साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत आहे, म्हणजे २०१७ ची ती सहा महिन्यांची शिक्षाही यात बसते. फक्त त्यासाठी आधीच्या शिक्षेची तारीख, ठिकाण आणि कलम चार्जमध्ये, म्हणजे कोर्ट निश्चित करतं त्या आरोपांत, लिहावं लागतं. राहून गेलं तर शिक्षा सुनावण्याच्या आधी कधीही ते जोडता येतं. आणि सिद्ध करायला फार काही लागत नाही, जुन्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल किंवा जेलचा दाखला, आणि तो माणूस हाच हे दाखवणारा पुरावा. तुमच्या केसमध्ये कुणी ते केलेलं दिसत नाही. पोलिसांच्या रजिस्टरमध्ये नऊ गुन्हे होते, निकालाची एक नक्कल फाईलला नव्हती. मी सरकारी बाजूला असताना हे वारंवार पाहिलंय, रिमांडच्या वेळी ‘सराईत आहे साहेब’ म्हणून तावातावाने सांगतात आणि शिक्षेच्या दिवशी जुना निकाल मागितला की सगळे एकमेकांकडे बघतात.

आता तीन वर्षांचं. तुमची केस प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालली, निकालावर तसं लिहिलंय. कलमात सात वर्षं असली तरी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही! सात वर्षांपर्यंत मुख्य न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. म्हणजे त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं सगळं त्यांनी दिलं, कुणी सौम्यपणा केला नाही. आरोपीला जास्त शिक्षा व्हायला हवी असं वाटलं तर त्यांना आपलं मत लिहून केस मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवता येते, आणि मालमत्तेच्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात आला तर केस मुळातच वर पाठवायची तरतूद आहे, पण ती जुनी शिक्षा त्यांच्यापुढे आलीच नाही तर ते पाठवणार कशाच्या जोरावर.

वाढवून मिळेल का, तर स्पष्टच सांगते, मला शक्यता दिसत नाही. शिक्षा कमी आहे म्हणून अपील करायचा हक्क सरकारला आहे, फिर्यादीला नाही. तुम्हाला अपील करता येतं ते आरोपी सुटला तर, कमी गंभीर कलमात दोषी ठरला तर किंवा नुकसानभरपाई अपुरी वाटली तर. आणि सरकारने अपील केलं तरी अपिलातलं कोर्ट त्या गुन्ह्यासाठी खालचं कोर्ट जेवढी शिक्षा देऊ शकलं असतं त्यापेक्षा जास्त देऊ शकत नाही, आणि खालच्या कोर्टाने ती मर्यादा आधीच गाठलीय. त्यामुळे त्यात पैसे आणि वर्षं घालवू नका. तुमच्या निकालात भरपाईचा मुद्दा पार कोरा आहे, दागिने अर्धेच मिळालेत, तिथे नक्की वकिलाचा सल्ला घ्या, आणि त्याला मुदत असते म्हणून उशीर नको. आणि ज्या तीन केसेस चालू आहेत ना, त्या पोलिस ठाण्यांना तुमच्या केसचा निकाल कळवा, नक्कल द्या. पुढच्या वेळी फाईलमध्ये कागद असेल.

(१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नव्या संहितेची कलमं लागतात, त्याआधीच्यांना जुनी. आकडे बदललेत, वर सांगितलेलं तत्त्व तेच आहे. नव्या कायद्यात साध्या चोरीतही दुसऱ्यांदा दोषी ठरलं की किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी आहे. उलट पहिल्यांदाच दोषी ठरलेला, माल पाच हजारांच्या आतला आणि परत केलेला, तर समाजसेवेची शिक्षा.)

प्रश्न : माझा भाऊ २३ वर्षांचा आहे. भांडणात त्याने एकाला रॉड मारला, हात फ्रॅक्चर नाही पण टाके पडले. वकील म्हणतात दोषी ठरेल बहुतेक. कॉलेजमध्ये असताना त्याच्यावर मारामारीची एक केस होती, ती समोरच्याशी तडजोड होऊन कोर्टात मिटली. ती आता नडेल का? शिक्षेच्या दिवशी आम्ही कोर्टात काय बोलायचं असतं?

उत्तर : ताई, अंक हातात येईपर्यंत तुमची तारीख निघून जाईल म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच, बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

कायद्याने मान्य असलेली तडजोड कोर्टात नोंदली गेली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. म्हणजे ती जुनी केस ‘आधीची शिक्षा’ नाही. पण पोलिसांच्या नोंदीत एफआयआर तसाच दिसत राहतो, म्हणून त्या आदेशाची नक्कल आजच काढा आणि वकिलांच्या फाईलला लावा, त्या दिवशी कुणी ‘यापूर्वीही गुन्हा’ म्हणालं तर तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करता येतो.

शिक्षेच्या दिवसाबद्दल. दोषी ठरवल्यावर कोर्टाने आरोपीला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकून घ्यायलाच पाहिजे, हे १९७३ च्या प्रक्रिया संहितेने आणलं, त्याआधी अशी वेगळी पायरी नव्हती. १९७६ साली सांता सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे ऐकणं झालं नाही म्हणून फाशीची शिक्षा बाजूला ठेवून केस परत पाठवली, आणि सांगितलं की ऐकणं म्हणजे नुसतं तोंडी बोलणं नाही, माणसाबद्दलचे कागद, माहिती, पुरावा ठेवायची ती संधी आहे. ही संधी आपल्याकडे किती वाया जाते! ‘गरीब आहे, घरात एकटा कमावता आहे, दया करावी’ एवढं एक वाक्य, की झालं. मला आठवतंय, एका मुलाच्या वेळी मी स्वतः असंच केलं होतं, वकिलीची सुरुवात होती, नंतर त्याच्या आईने पिशवीतून आयटीआयची प्रमाणपत्रं, कामावरच्या मालकाचं पत्र, वडिलांच्या डायलिसिसचे कागद काढले आणि विचारलं हे लागणार होतं का. लागणार होतं. मी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून पहिल्या भेटीतच विचारते.

तर भावाची वयाची कागदपत्रं, शिक्षण, नोकरी, घरची जबाबदारी, जखमी माणसाचा दवाखान्याचा खर्च दिला असेल तर त्याच्या पावत्या, सगळं तयार ठेवा, कारण बऱ्याचदा दोषी ठरवणं आणि शिक्षा एकाच दिवशी दुपारच्या आधी-नंतर होतं, धावपळ करायला वेळ मिळत नाही. ‘मी केलंच नाही’ हे त्या दिवशी बोलायचं नाही, तो मुद्दा अपिलाचा. आणि वकिलांना १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे प्रोबेशनचा अर्ज आठवणीने करायला सांगा. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा नसेल तर कोर्ट लगेच जेलमध्ये न पाठवता तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून. सोबत जखमी माणसाला भरपाई द्यायला लावू शकतं, आणि मला वाटतं ते तुम्हीच आपणहून पुढे करावं, त्याला टाके पडलेत, त्याचंही घर आहे. प्रोबेशन मिळालं म्हणजे दोष पुसला जातो असं नाही, हे मात्र भावाला नीट समजावा. जेल झालीच, तर तो आधी कच्चा कैदी म्हणून जितके दिवस आत होता ते शिक्षेतून वजा होतात, आणि तीन वर्षांच्या आतली शिक्षा असून तो जामिनावर असेल तर अपील करेपर्यंत तेच कोर्ट जामीन देऊ शकतं.

प्रश्न : तुमचे मागचे लेख वाचून वाटतं की तुम्ही नेहमी ‘सिद्ध झालेलं नाही’ म्हणता. आमच्या भागात एक जण आहे, त्याच्यावर दहा केसेस, एकातही शिक्षा नाही कारण साक्ष द्यायला कुणी उभंच राहत नाही. उद्या तो एखाद्या केसमध्ये दोषी ठरलाच तर कोर्ट त्याला पहिल्यांदा गुन्हा करणारा म्हणून वागवणार?

उत्तर : तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याच्यावर मला सोपं उत्तर देता येणार नाही. शिक्षा ठरवताना सुप्रीम कोर्टाची भूमिका ठाम आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या प्रकरणात त्यांनी म्हटलं की नुसत्या प्रलंबित केसेस हे शिक्षा कडक करायचं कारण होत नाही, त्यात दोषी ठरला असेल तर गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये, तेही महाराष्ट्रातलंच प्रकरण, प्रलंबित केसेस विचारात घेतल्या ही चूक झाली असं म्हणत फाशीची जन्मठेप केली. तो माणूस मोकळा सुटला नाही, आयुष्यभर आतच ठेवायचं असं सांगूनच ती जन्मठेप दिली. हा तपशील बातम्यांमध्ये बहुतेक वेळा मागे पडतो.

मात्र शिक्षेच्या आधीच्या टप्प्यांवर प्रलंबित केसेस कायदा मोजतो, आणि चांगल्याच मोजतो. जामीन देताना कोर्ट त्या बघतं. कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला (आधी कधीच दोषी ठरला नसेल तर एक तृतीयांश) की सोडायची जी सवलत नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, ती एकापेक्षा जास्त केसेस प्रलंबित असलेल्याला मिळत नाही. १९९९ च्या मोक्का कायद्यात तर मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त चार्जशीट दाखल आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली असणं हीच अट आहे, तिथे शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. तडीपारी आहेच, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत, आणि तिच्यात तर साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत हेच एक कारण कायद्यात लिहिलंय.

साक्षीदारांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर करून देशभर लागू केली. धोका असेल तर अर्ज करता येतो, ओळख लपवणं, फोन बदलून देणं, पोलिस बरोबर देणं, अगदी दुसरीकडे हलवणंही त्यात आहे. मला ठाऊक आहे की गल्लीत राहणाऱ्या माणसाला कागदावरची योजना पुरत नाही. पण अर्जच झाला नाही तर ती कागदावरच राहणार, म्हणून सरकारी वकिलांना साक्षीच्या आधी भेटा आणि लेखी द्या. त्या दहापैकी एका केसमध्ये दोन माणसं उभी राहिली तर तुमचा प्रश्न कोर्टापुढे आपोआप बदलतो.

प्रश्न : माझे काका एका केसमध्ये शिक्षा भोगत आहेत, दुसऱ्या केसचा निकाल आता लागेल. दोन्ही शिक्षा एकत्र चालतात ना?

उत्तर : नाही, आपोआप नाही चालत. एकाच खटल्यात अनेक कलमांत शिक्षा झाली तर त्या एकत्र की एकामागून एक हे तेच कोर्ट सांगतं. पण वेगळ्या केसमध्ये आधीची शिक्षा चालू असताना नवी झाली तर नवी पहिली संपल्यावर सुरू होते, कोर्टाने ‘एकत्र’ असं म्हटलं तरच एकत्र. काकांच्या वकिलांना हे शिक्षेच्या मुद्द्यावर बोलतानाच मागायला सांगा, आणि आधीच्या केसचा निकाल सोबत द्या, बऱ्याचदा दुसऱ्या कोर्टाला पहिल्या शिक्षेची कल्पनाच नसते.

प्रश्न : मी एका केसमधून निर्दोष सुटलोय. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘कधी अटक झाली होती का, गुन्हा दाखल होता का’ असं विचारलंय. सुटलो तर ‘नाही’ लिहू का?

उत्तर : अजिबात नको. प्रश्न ‘दोषी ठरलात का’ असा असता तर ‘नाही’ हे खरं उत्तर होतं. इथे अटक आणि दाखल गुन्हा विचारलाय, तर ‘हो’ लिहा आणि खाली केस नंबर, कोर्ट, निकालाची तारीख द्या, निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल जोडा. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर सविस्तर सांगितलंय. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नोकरी देणाऱ्यावर नाही, तो केसचं स्वरूप बघून ठरवू शकतो, पण लपवलं आणि पडताळणीत निघालं तर तेच एक कारण नेमणूक रद्द करायला पुरू शकतं. मूळ केस अगदी फुसकी असेल तर नोकरी देणारा लपवणं माफ करू शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर. आणि केस वयाच्या अठराच्या आतली असेल तर मला परत लिहा, कारण बाल न्याय कायद्याखाली तिचा नियम वेगळा आहे, तिथे बहुतेक प्रकरणांत दोषी ठरलं तरी अपात्रता लागत नाही, आणि ठरावीक काळानंतर ते रेकॉर्डच नष्ट करायचं असतं. तुमच्या पत्रात तेव्हाचं वय लिहिलेलं नाही.